एडनचे डुक्कर आणि आमच्या वाट्याचे बोकड

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावी चार-आठ घरे मिळून बोकड घेतात, तेव्हा त्याचे वाटे घालतात. अंगणात ताडपत्री अंथरलेली असते, तिच्यावर जितकी घरे तितके ढीग मांडलेले असतात, आणि तोडणारा माणूस प्रत्येक ढिगात फऱ्याचा म्हणजे खांद्याचा एक तुकडा, मांडीचा एक, बरगडीचे दोन, काळजाची एक चकती, थोडी वजडी आणि थोडी चरबी असे टाकत जातो. तराजू जवळ असतो, पण तो नावालाच. शेवटी एखाद्या पोराला ढिगांकडे पाठ करून उभे करतात आणि एकेका ढिगावर बोट ठेवून त्याला विचारतात, "हा कोणाचा?" पोरगे ज्याचे नाव घेईल त्याचा तो वाटा. नुसती मांडी कोणालाच मिळत नाही आणि नुसती हाडेही कोणाच्या पदरात पडत नाहीत. प्रत्येकाच्या पिशवीतून एक लहानसे अख्खे बोकडच घरी जाते.

ही गोष्ट मला एकदम आठवली ती 2017 साली, अमेरिकेत, डुकराच्या मांसाचा पहिला घास तोंडात असताना.

त्या वेळी मी कंपनीच्या कामासाठी नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या राली शहरात राहत होतो. एका शनिवारी ऑफिसातला एक सहकारी मला गाडीत घालून पूर्वेकडच्या एडन नावाच्या छोट्या गावाला घेऊन गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तंबाखूची आणि रताळ्यांची सपाट शेते होती, आणि नजर कुठेच अडत नसल्यामुळे मला आपल्या पंढरपूर रस्त्याची आठवण येत होती. एडनमध्ये 'स्कायलाईट इन' नावाची खानावळ आहे. पीट जोन्स यांनी ती 1947 साली सुरू केली आणि आजही त्यांचेच घराणे ती चालवते. इमारत बैठी आणि साधी, पण तिच्या छपरावर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसारखा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीसारखा, घुमट बसवलेला आहे. बार्बेक्यूची, म्हणजे निखाऱ्यांच्या मंद धगीवर भाजलेल्या मांसाची, राजधानी हीच, असा त्याचा सरळ अर्थ. पुढे 2003 साली अमेरिकेतले खाद्यक्षेत्रातले मानाचे पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनने तिला 'अमेरिकाज क्लासिक्स' हा सन्मान दिला, तेव्हा तो घुमट तितकासा आगाऊ राहिला नाही.

तिथे अख्खे डुक्कर भाजतात. पोटाकडून उभे चिरून, पुस्तकासारखे उघडून, ते विटांच्या लांबट भट्टीवर जाळीवर पालथे घालतात. भट्टीत लाकूड थेट पेटवत नाहीत. ओकची लाकडे शेजारच्या धुराड्याखाली जाळतात आणि त्यांचे निखारे पडले की ते लांब दांड्याच्या फावड्याने उचलून डुकराखाली पसरतात. हे काम रात्रभर चालते. निखारे सगळीकडे सारखे पसरायचे नसतात, कारण मांडी आणि फरा जाड असतात आणि मधला बरगड्यांचा भाग पातळ. म्हणून दोन्ही टोकांना जास्त आणि मध्ये जवळजवळ काहीच नाही, असा तो हिशेब असतो. धग इतकी मंद ठेवतात की सांध्यांतला चिवट भाग तासन्तास हळूहळू विरघळत राहतो. चरबी निखाऱ्यांवर ठिबकते, तिचा धूर वर चढतो आणि मांसाला तो विशिष्ट वास लागतो. याच ठिबकणाऱ्या चरबीने कधीकधी भडकाही उडतो, म्हणून भट्टीची खोली मुख्य इमारतीपासून वेगळी बांधण्याची रीत आहे आणि अशा खोल्या जळाल्याच्या कथा त्या भागात प्रत्येक जुन्या खानावळीच्या नावावर ऐकायला मिळतात.

सकाळी डुक्कर उलटतात, कातडी खाली आणि मांस वर. मग निखारे वाढवून कातडी फुलवतात, म्हणजे तिला फोड येऊन ती पापडासारखी कडक होते.

पुढचा प्रकार मी काउंटरपाशी उभा राहून पाहिला. आतल्या लाकडी ठोकळ्यावर एक माणूस दोन्ही हातांत दोन सुरे घेऊन मांस बारीक करत होता आणि त्याची टकटक बाहेर गाडी लावतानाच ऐकू आली होती. तो एका बाजूने मांडी ओढायचा, दुसऱ्या बाजूने फरा, मधून पोटाचा चरबीचा पट्टा, आणि वर ती कडक कातडी चुरून टाकायचा. मीठ, मिरपूड, व्हिनेगर आणि तिखट सॉस घालून पुन्हा ठोकायचा. (या सॉसचे नाव टेक्सास पीट आहे आणि तो बनतो मात्र नॉर्थ कॅरोलिनातच.) मग कागदी ट्रेमध्ये मांस, त्यावर मेणकागद, त्यावर मक्याच्या पिठाचा चपटा, जड ब्रेडचा तुकडा, पुन्हा कागद आणि वर कोबीची कोशिंबीर, असा मजले चढवलेला डबा माझ्या हातात आला. त्या ब्रेडला साखर नाही, फुगवटा नाही. डुकराच्याच चरबीत भाजलेली ती जाडजूड भाकरी आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पहिल्या घासात मऊ मांस होते, मध्येच कातडीचा चुरा शेंगदाण्याच्या कुटासारखा दाताखाली कुरकुरत होता आणि व्हिनेगरचा आंबटपणा चरबीला वर येऊ देत नव्हता. मी शेजारच्या माणसाच्या ट्रेकडे पाहिले, तर त्यातही तेच. 'मला अमुक भाग द्या' असे तिथे कोणी म्हणत नव्हते, कारण म्हणता येतच नव्हते. आमच्याकडे ढिगांनी जे साधते ते तिथे सुऱ्यांनी साधले होते.

त्यानंतर मी बरेच भटकलो. रालीच्या पश्चिमेला लेक्सिंग्टन नावाचे गाव आहे, तिथे फक्त डुकराचा फरा भाजतात, वरच्या पातळ रसात केचप घालतात आणि कोशिंबीरही लालसर करतात. पूर्वेचे आणि पश्चिमेचे लोक यावरून जे भांडतात ते ऐकताना मला सोलापूर आणि कोल्हापूरच्या रश्श्यावरून होणारे वाद आठवायचे. लेक्सिंग्टनचे मांस उत्तम असते, हे मी मान्य करतो. पण माझ्या लेखी तो नुसत्या फऱ्याचा वाटा आहे. टेक्सासची गाईच्या छातीच्या मांसाची परंपरा अजून वेगळी आहे, पण तिच्याविषयी मी इथे लिहीत नाही.

साउथ कॅरोलिनातल्या हेमिंग्वे गावचे रॉडनी स्कॉट यांच्याविषयी मात्र लिहायलाच हवे. घरच्या किराणा दुकानाला जोडून त्यांचे कुटुंब अख्खी डुकरे भाजत असे. पोलादी पिंपात लाकूड जाळून तळाशी गळणारे निखारे फावड्याने काढायचे आणि मिरचीच्या व्हिनेगरने मांस सारवायचे, ही त्यांची पद्धत. स्कॉट यांनी 2017 साली चार्ल्सटन शहरात स्वतःचे हॉटेल काढले आणि 2018 साली आग्नेय विभागातील सर्वोत्कृष्ट शेफ म्हणून त्यांना जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. या बातमीचे महत्त्व तिथल्या लोकांना वेगळे सांगावे लागले नाही. दक्षिणेतल्या मळ्यांवर रात्रभर जागून डुक्कर भाजणारे हात शतकानुशतके गुलाम कृष्णवर्णीयांचे होते, आणि मेजवानी मात्र मळेवाल्याच्या नावाने ओळखली जात असे.

मटणाची ओढ मला केंटकी राज्यातल्या ओवेन्सबोरोपर्यंत घेऊन गेली, कारण अमेरिकेत 'मटण बार्बेक्यू' म्हणून प्रसिद्ध असलेले गाव ते एकच. तिथले मटण बोकडाचे नसते, हा सोलापुरी माणसाला बसणारा पहिला धक्का. ते मेंढीचे असते, तेही वय झालेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकरीच्या आयातीवर कर बसल्यानंतर त्या भागात मेंढ्या वाढल्या, आणि लोकर देऊन थकलेल्या मेंढीचे मांस इतके चिवट असते की हिकरीच्या लाकडावर तासन्तास भाजण्याखेरीज त्याला दुसरा उपाय नव्हता. तिथल्या 'मूनलाईट' नावाच्या हॉटेलात मी ते काळसर, आंबट रसात बुडवून खाल्ले. बरोबर 'बर्गू' नावाचा दाट रस्सा होता, त्यात मटण, कोंबडी, मका, बटाटा, कोबी असे सगळे एकत्र शिजलेले. हीच जेवणे तिथल्या कॅथलिक चर्चच्या उन्हाळी जत्रांत मोठमोठ्या कढयांतून सगळ्या गावाला वाढली जातात, हे ऐकल्यावर मला आपली कंदुरी आठवली. नवसाचे बोकड, चुलवणावरचे डेग, येसर घातलेला लालभडक रस्सा आणि पंगतीत ज्याच्या पानात वाढप्याच्या डावातून जे पडेल ते.

आईला मात्र मी फोनवर फक्त मेंढीचेच सांगितले होते. डुकराचे कळले तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. आपल्याकडे वडार, कैकाडी समाजांत डुक्कर हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. शाळेतल्या माझ्या एका वडार मित्राच्या घरी लग्नात ते शिजायचे आणि आम्ही बाकीची मुले नाक मुरडून लांबून जायचो. त्याने कधी जेवायला बोलावले नाही, आणि का बोलावले नाही हे समजायला मला एडनला जावे लागले, याची आज लाज वाटते.

सोलापुरात निखाऱ्यांची कमतरता नाही. रमजानच्या रात्री विजापूर वेशीत शिगांवर कबाब भाजले जातात आणि हिवाळ्यात शेतात हुरड्याची आगटी पेटते. सावजी खानावळींत मात्र सगळा जीव रश्श्यात असतो. अख्खा प्राणी निखाऱ्यावर भाजण्याची रीत माझ्या पाहण्यात नव्हती, म्हणून परत आल्यावर पहिल्याच जानेवारीत मी अप्पांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या शेतात ती करून पाहायचे ठरवले. खड्डा खणला, कडेला विटा रचल्या, लोखंडी जाळी आणली आणि अकरा किलोचे सोललेले बोकड रात्री दहाला बाभळीच्या निखाऱ्यांवर पालथे घातले. अप्पा आगटीतले कसबी. राख किती, गोवरी किती, कणीस कधी फिरवायचे, हे त्यांना न पाहता कळते. ते बाजेवर बसून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आरं, पाण्याबिगर बोकड शिजतंय व्हय?"

पहाटे तीनच्या सुमारास मला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा एक मांडी कोळसा झाली होती, बरगड्या वादीसारख्या वळल्या होत्या आणि दुसरा फरा हाडापाशी अजून लाल होता.

चूक झोपेची होतीच, पण मूळ चूक दुसरी होती. डुकराची कातडी काढत नाहीत, गरम पाण्याने केस तेवढे खरवडतात, आणि त्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. उलटल्यावर ती कातडीच परातीसारखी होते. सुटलेली चरबी आणि रस तिच्यात साचतो आणि मांस त्यातच मुरते. आपले बोकड सोललेले, कोरडे, त्याची चरबी गुर्द्याभोवती आणि आत. अप्पांनी हे एका वाक्यात सांगितले: "डुकराला त्याचं पातेलं संगं असतंय, बोकडाला आपुन द्यावं लागतंय."

मग त्यांनी चुलवणावर डेग चढवला. जळका भाग काढून उरलेल्याची खांडे केली, आधी हळद-मिठाच्या पाण्यात अळणी काढली, काकूंनी काळा मसाला आणि येसर दिला, आणि दुपारपर्यंत जो रस्सा झाला त्याला धुराचा असा वास होता की कडक भाकरी कुस्करून तीन-तीन वाट्या ओरपणाऱ्या एकाही माणसाने रात्रीच्या फजितीचा विषय काढला नाही.

येत्या थंडीत मेंढी घ्यायची, असे ठरले आहे. माडग्याळी जातीची नको, तिची किंमत ऐकूनच अप्पा उठून गेले. साधी, वय झालेली, अंगाने भरलेली दख्खनी मेंढी. ओवेन्सबोरोसारखा आंबट रस मी चिंचेच्या कोळात करणार आहे आणि रात्री जागायला दोन माणसे जास्त ठेवणार आहे. अप्पांची अट एकच आहे: शेजारच्या चुलवणावर आधणाचे पाणी आधीपासून ठेवायचे.