पंधरा की सतरा?

नेदरलँड्सहून सुट्टीत सांगलीला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, ‘तिकडचे लोक त्यांच्या स्वतःच्या भाषेतली गाणी ऐकतात का गं, की सगळं इंग्रजीच?’ ‘ऐकतात की’ एवढं म्हणून चहा प्यायला मोकळी होते मी. पण खरं उत्तर जरा लांब आहे. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते.

नेदरलँड्समध्ये दर आठवड्याला कुठलं गाणं पहिलं हे ठरवणाऱ्या दोन मोठ्या याद्या आहेत. टॉप 40 मध्ये गाणं रेडिओवर किती वाजलं हेही धरतात. सिंगल टॉप 100 मात्र लोकांनी स्वतः काय ऐकलं, काय विकत घेतलं त्यावर चालते. त्यामुळे डिसेंबर आला की तिथे नाताळची जुनीपुराणी गाणी भराभर वर चढतात. दरवर्षी तीच. आपल्याकडे गणपतीत होतं तसंच.

टॉप 40 ची जन्मकथा मला फार आवडते. सरकारमान्य रेडिओ पॉप गाण्यांना फारसा वेळ देईना, म्हणून व्हेरोनिका नावाचं केंद्र किनाऱ्यापासून दूर समुद्रात, बोटीवरून चालायचं. कार्यक्रम हिल्व्हरसम गावात ध्वनिमुद्रित व्हायचे आणि फिती बोटीवर जायच्या. तिथूनच 2 जानेवारी 1965 ला पहिली टॉप 40 आली. पहिल्या क्रमांकावर बीटल्स. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग आमची बिनाका गीतमाला वेगळी काय होती?’ खरंच की! केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, आणि 1952 पासून ती गीतमालेत, अमीन सयानींच्या निवेदनासह, समुद्रापलीकडच्या रेडिओ सिलोनवरून घरोघरी येऊ लागली. केसकर तर आपल्या पुण्याचेच. दोन्हीकडे ‘कितवा नंबर’ हे वेड पाण्यावरूनच आलं म्हणायचं.

आता मूळ प्रश्न. 2020 चं वर्ष घ्या, कारण त्या वर्षी मी घरात कोंडलेली होते आणि रेडिओ दिवसभर चालू असायचा. सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर कॅनडाच्या द वीकंडचं ‘ब्लाइंडिंग लाइट्स’. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या मास्टर केजीचं ‘जेरुसलेमा’ आलं, तेही झुलू भाषेत. शब्द कुणाला कळत नव्हते, पण इस्पितळातल्या नर्ससुद्धा त्यावर रांगेत नाचत होत्या. म्हणजे इंग्रजी आहे, आणिक कुठकुठलं आहे. पण मार्चमध्ये सगळं बंद झालं, तेव्हा स्नेले आणि डाविना मिशेल या दोन डच गायकांनी डचमध्ये ‘सतरा दशलक्ष माणसं’ अशा अर्थाचं गाणं काढलं आणि ते थेट सिंगल टॉप 100 च्या माथ्यावर जाऊन बसलं.

हे गाणं मुळात 1996 चं, तेही एका बँकेच्या जाहिरातीसाठी केलेलं. एवढ्याशा जमिनीच्या तुकड्यावर इतकी माणसं कशी नांदतात, अशी त्याची कल्पना. तेव्हाही ते पहिलं आलं होतं, फक्त तेव्हा माणसं ‘पंधरा दशलक्ष’ होती. जाहिरातीचं गाणं देशाचं गाणं होतं, याची मला आधी गंमत वाटायची. त्या मार्चमध्ये वाटली नाही.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. मी त्यांना ‘ब्यूरफ्राउ’ म्हणते, म्हणजे शेजारीणबाई. आमच्या दोन बाल्कन्यांमध्ये फक्त दुधी काच. संध्याकाळी त्या कुंड्यांना पाणी घालता घालता गुणगुणायच्या आणि मी अलीकडून शब्द पकडायचे. डच आकडे मी तिथेच पक्के केले. एकदा रेडिओवर ‘झेव्हन्टीन’ चालू होतं आणि त्यांच्या तोंडात मात्र ‘फैफ्टीन’. मला वाटलं, माझंच चुकतंय. काचेवर टकटक करून विचारलं, ‘पंधरा की सतरा?’ झारी तशीच हातात धरून त्या हसल्या. म्हणाल्या, ‘मी आपली जुनंच म्हणते. ही वरची दोन तुमच्यासारखी नवीन आलेली.’

टोमणा होता का? नसावा, कारण दुसऱ्या दिवशी काचेच्या बाजूने सफरचंदाच्या केकचा तुकडा आला.

2024 च्या ऑगस्टमध्ये इथली लोकसंख्या अठरा दशलक्ष झाली. बातमी ऐकली आणि मी बाल्कनीत जाऊन आजींना ‘आख्टीन, ब्यूरफ्राउ!’ असं ओरडून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि झारी भरता भरता पुन्हा ‘फैफ्टीन’ सुरू केलं.