गावाचा जमाखर्च एका पानावर आणताना

आमच्या गावात पंचायतीच्या पैशावर बोलणारे पुष्कळ, वह्या उघडून बघितलेले जवळपास कोणी नाही. पारावर आकडे नुसते उडतात. ‘गटारीचे पैसे आले होते, कुठं गेले?’ आलेले कोणी पाहिलेले नसतात आणि गेलेलेही. म्हणून मी ठरवलं, एका आर्थिक वर्षाचा हिशेब बसून वाचायचा आणि गावातल्या कोणालाही कळेल असा एका पानावर मांडायचा. पतसंस्थेत वर्षानुवर्षं खतावण्या लिहिल्या, एवढीच माझी पात्रता.

सुरुवात मोबाइलवर केली. ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की आराखडा, मंजूर कामं आणि खर्चाची व्हाउचरं दिसतात, लॉगिनही लागत नाही. पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं. एका बंदिस्त गटारीच्या कामासमोर पाच नोंदी होत्या. त्याचाच स्क्रीनशॉट आधी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरून गेला होता, ‘एकाच गटारीचे पाच वेळा पैसे उचलले’ म्हणून. नीट वाचल्यावर उलगडलं. मोठी रक्कम ठेकेदाराला गेलेली, बाकीच्या चार त्याच बिलातून कापलेल्या: आयकर, जीएसटी, कामगार उपकर, अनामत. उपकर १ टक्का, म्हणजे लाखामागे हजार. पाचही बेरजेला धरल्या की बरोबर मोजमाप पुस्तिकेतली, म्हणजे झालेलं काम मोजून लिहिलेली, रक्कम येते. त्या नोंदींवर कपातींच्या नावांची नुसती आद्याक्षरं. साध्या माणसानं त्यातून काय अर्थ काढायचा?

शिवाय तिथे आमचा फक्त वित्त आयोगाचा पैसा सापडला. घरपट्टी, पाणीपट्टीतून जमणारा ग्रामनिधी कार्यालयातल्या वह्यांत. त्यासाठी नमुना ५, म्हणजे रोकडवही, बघायला हवी होती. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागदपत्रं बघू द्यावीत, असं राज्य शासनाचं २०१८ चं परिपत्रक आहे. मी सोमवारी जायचो. कधी भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, तालुक्याला मीटिंगला, कधी कपाटाची किल्ली दुसऱ्या गावी. (त्यांच्याकडे दोन गावांचा कारभार होता हेही खरं.) शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. जोडपत्र ‘अ’ हा ठरलेला अर्जाचा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. इथे एक सांगतो: ‘सर्व खर्चाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका, त्याला ‘माहिती विस्तृत आहे’ हे उत्तर तयारच असतं. मी लिहिलं, अमुक वर्षाची नमुना ५ ची रोकडवही आणि त्याची प्रमाणकं (व्हाउचरं) बघायला मिळावीत, वेळ कळवावी. ३० दिवस उलटले, उत्तर नाही. २० रुपयांचा स्टॅम्प लावून पंचायत समितीत पहिलं अपील दाखल केलं. सुनावणीची नोटीस निघाली आणि भाऊसाहेबांचाच फोन आला, “काका, एवढं कशाला केलंत? या की, वही काढून ठेवतो.”

वहीत चोरी सापडेल अशी पारावरच्या मंडळींची खात्री होती. सापडलं ते वेगळंच. ग्रामनिधीचा मोठा भाग नळपाणी योजनेच्या वीजबिलात, शिपायाच्या पगारात, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीत आणि दिवाबत्तीत जात होता, आणि पट्टीची थकबाकी वर्षभराच्या वसुलीहून जास्त होती. सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्या काहींची नावं थकबाकीच्या यादीत वरच होती. ती मी पानावर घेतली नाहीत, भांडण लावायचं नव्हतं. पण वहीही धुतल्या तांदळासारखी नव्हती. शेवटच्या काही महिन्यांच्या नोंदी एकाच शाईनं, एकाच बैठकीत उतरवल्यासारख्या दिसत होत्या आणि काही प्रमाणकांना बिलंच जोडलेली नव्हती. हे मात्र पानावर लिहिलं.

पान करताना सगळ्यात जास्त वेळ शब्दांत गेला. ‘बंधित निधी ६० टक्के’ न लिहिता ‘हा पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करता येतो, यातून रस्ता होत नाही’ असं लिहिलं. कामाच्या सांकेतिक क्रमांकाऐवजी ‘वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंतची गटार’. वरती सुरुवातीची शिल्लक, खाली अखेरची शिल्लक, मध्ये आले किती, गेले किती. अक्षर मोठं ठेवलं, कारण वाचणारे निम्मे माझ्या वयाचे.

ग्रामसभा पहिल्यांदा गणपूर्तीअभावी, म्हणजे किमान हजेरी न भरल्यानं, तहकूब झाली. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडासुद्धा भरला नाही. तोवर महिलांच्या ग्रामसभेत सरपंचताईंनी पान वाचायला परवानगी दिली होती, आणि खरे प्रश्न तिथे आले. पानावर एक ओळ होती: स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च बंधनकारक. समोर झालेला खर्च. दिव्यांगांपुढे शून्य. मागे बसलेल्या एका आक्कांचा मुलगा जन्मापासून चालत नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आमच्या पोराचे पैसे दरसाल असतात?” सरपंचताईंनी भाऊसाहेबांकडे बघितलं, भाऊसाहेबांनी वहीकडे. गटारीवर तासभर वाद घालणाऱ्या पारावर हा प्रश्न कधी निघाला नव्हता.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ती भरली तेव्हा दिव्यांग निधीचा ठराव झाला. तो इतिवृत्तात लिहून होईपर्यंत मी जागचा हललो नाही, सहीशिक्क्याची नक्कल घेऊनच घरी आलो. चालू वर्षाची रक्कम लाभार्थ्यांच्या खात्यावर जमा झाली आहे. मागच्या वर्षांची बाकी द्यायला अजून टाळाटाळ चालू आहे, म्हणून आता स्थानिक निधी लेखापरीक्षणाचा, म्हणजे पंचायतीच्या हिशेबाच्या सरकारी तपासणीचा, अहवाल मागितला आहे. त्यातले आक्षेप आणि पंचायतीनं दिलेली उत्तरं पुढच्या पानावर समोरासमोर छापणार आहे. झेरॉक्सचा खर्च दूध डेअरीवाल्यांनी उचललाय.