तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांनी पेन्शन का घेतली नाही

"जन्म बँकेत गेला आणि काकूंना पेन्शन नाही? असं कसं?" बाबा गेल्यापासून हे मला लग्नात विचारलं गेलंय, तेराव्याला विचारलं गेलंय, लिफ्टमध्येही. विचारण्यात काळजी असते, नाही असं नाही. पण 'दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा स्वतःच्या हिशेबात फसला' हेही असतं. तेवढं मला लागतं.

फसले नव्हते. १९९५च्या पेन्शन नियमांच्या वेळी निवड करायची होती: पेन्शन, नाहीतर पीएफमधला बँकेचा हिस्सा. तेव्हा एफडीवर बारा टक्के सहज मिळत. बाबांचं म्हणणं, पेन्शन माणसाबरोबर आटते, मुद्दल घराला उरतं. त्यांच्यासारखा विचार करणारे पुष्कळ होते. पुढे व्याजदर निम्म्यावर येतील हे मोठमोठ्यांना दिसलं नाही, ते एका शाखाधिकाऱ्याला दिसायला हवं होतं? आणि मुद्दल तरी कुठे उरलं? ताईचं लग्न, फ्लॅट, आत्याचं ऑपरेशन.

२०१०मध्ये दुसरी संधी आली. निवृत्तांनी मिळालेला बँकेचा हिस्सा परत करायचा, वर त्या रकमेच्या ५६ टक्के आणखी भरायचे, की पेन्शन सुरू. मी म्हटलं, मी कर्ज काढतो. रात्री जेवणं झाल्यावर कागद मांडून बसलो. किती वर्षांत रक्कम वसूल होते, हप्ता किती, सगळं लिहून काढलं. बाबांनी पेन्सिल घेतली, माझी एक बेरीज दुरुस्त केली, पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासलं. म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण हप्ता तुझ्या पगारातून जाणार. आणि मी दोन वर्षांत गेलो तर?"

आई दारात उभी होती. "अहो, यात मी कुठे आहे?"

बाबांनी फॅमिली पेन्शनच्या, म्हणजे त्यांच्यामागे आईला जे मिळेल त्या ओळीवर बोट ठेवलं. वरच्या पगाराला तेव्हा पगाराच्या १५ टक्के, त्यालाही कमाल मर्यादा. "एवढीच," ते म्हणाले. "एवढ्यासाठी मुलाला कर्जात घालू?" आई काही न बोलता आत गेली. मी आवाज चढवला. जन्मभर कर्जदारांना 'कर्ज काढण्यात लाज कसली' म्हणून सांगणारा माणूस मुलाच्या कर्जाला एवढा का घाबरतो, असं तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "ते कर्जदार होते. तू मुलगा आहेस." फॉर्म भरला गेला नाही, मुदत संपली.

हा ताठा होता, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. मग माझा मुलगा नोकरीला लागला, आणि त्याच्या पगारातून माझ्यासाठी काही कापलं जावं ही कल्पना मलाही सोसेना. म्हणजे बाबा बरोबर? छे. २०२१मध्ये फॅमिली पेन्शन सरसकट ३० टक्के झाली, ती कमाल मर्यादाही उठली. ते वाचलं त्या दिवशी मी बाबांवर पुन्हा चिडलो, ते नसताना. नियम बदलणाऱ्यांवर चिडायला हवं होतं, हे कळतं.

तर उत्तर हे असं आहे, अर्धवट. फक्त आईसमोर हा प्रश्न काढू नका. ती बाबांची बाजू घेते, आणि आमचं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.