जर्मनीचा कागद आला

आज सकाळी पीएफ ऑफिसकडून आमच्या कंपनीतून स्टुटगार्टला निघालेल्या इंजिनिअरचं कव्हरेज सर्टिफिकेट (म्हणजे त्याचा पीएफ भारतातच भरला जातोय याचा दाखला) आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे, म्हणून 48 महिन्यांपर्यंत त्याचा पीएफ इथेच कापला जाईल, तिकडच्या पेन्शनचा दुहेरी भुर्दंड नाही.

अमेरिकेशी मात्र असा करार अजून नाही. तिथली पेन्शन मिळायला साधारण 10 वर्षं भरणा लागतो. आमच्या कंपनीतून तिकडे गेलेली मुलं तीन वर्षांत परततात आणि पैसे तिकडेच राहतात. घामाचे पैसे हो! फार लागतं हे मनाला.

संध्याकाळी तो इंजिनिअर माझ्या टेबलाशी आला, प्रिंटची घडी करून पासपोर्टात ठेवली आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आईचं नाव मेडिक्लेममध्ये राहील ना?"

राहील रे. तेच मी सगळ्यात आधी तपासलं होतं.