"हे काढू नका" लिहिलेली ओळ मी काढली

सकाळी तिकीट (दुरुस्तीची तक्रार) आलं ते वाचून वाटलं चहा संपायच्या आत होईल. रिपोर्टच्या वेबपानावर वरचा हेडर स्क्रोल केल्यावर चिकटून राहत नाही, पानाबरोबर वर निघून जातो. म्हटलं सीएसएसमध्ये (पान कसं दिसेल ते ठरवणारे नियम) टॉप झिरो, म्हणजे वरच्या कडेला चिकट, द्यायचं राहिलं असेल. बघतो तर पोझिशन स्टिकी (चिकटून राहा) आहे, टॉप झिरो आहे, वर झेड-इंडेक्स ९९९९ पण आहे (इतरांच्या वर दिसण्यासाठीचा आकडा, हा नेहमी कोणीतरी नवस बोलल्यासारखा टाकून ठेवलेला असतो).

स्टिकी चालत नसेल तर त्याच्या वरचे सगळे पॅरेंट, म्हणजे ती वस्तू ज्या डब्यांच्या आत आहे ते, एकेक करून बघायचे, हे इतक्या वर्षांत पाठ झालंय. चौथ्या पॅरेंटवर सापडलं, ओव्हरफ्लो-एक्स हिडन, म्हणजे आडवं बाहेर आलेलं लपवा. आता यात गोची अशी की तुम्ही फक्त आडवं हिडन केलंत तरी उभं व्हिजिबल राहत नाही, ब्राउझर ते गुपचूप ऑटो करून टाकतो, म्हणजे तो डिव्ह (पानातला डबा) स्वतःच स्क्रोल होणारा डबा बनतो आणि स्टिकी असलेली वस्तू आपल्या सगळ्यात जवळच्या अशा डब्यालाच धरून असते. आणि हा डबा आतल्या मजकुराएवढाच उंच, त्यामुळे तो स्वतः कधी स्क्रोल होतच नाही, हलतं ते बाहेरचं पान, मग हेडर चिकटणार कशाला? हीच ओळ बॉडीवर (ज्यात अख्खं पान असतं) असती तर बहुतेक चाललं असतं, कारण बॉडीचा ओव्हरफ्लो ब्राउझर सरळ व्ह्यूपोर्टला (खिडकीत दिसणारा भाग) लावतो. पण ती बॉडीवर नव्हती, रॅपरवर, म्हणजे सगळ्याला गुंडाळणाऱ्या डिव्हवर होती.

आणि त्या ओळीच्या शेजारी कॉमेंट, "हे काढू नका". बस, एवढंच. का काढू नका, काढलं तर काय होईल, काही नाही. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. मी काढली. हेडर लगेच चिकटला, माझ्या मॅकवर सगळं छान, टेस्टिंगला ढकललं आणि जेवायला गेलो.

परत येतो तर टेस्टरचा मेसेज, "अरे हेडर चिकटला, पण आता पानच डावीकडे-उजवीकडे हलतंय". मी माझ्याकडे दहा वेळा हलवून बघितलं, ढिम्म. मग लक्षात आलं की ती विंडोजवर आहे. वरच्या बॅनरला कोणीतरी रुंदी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीच्या रुंदीचे शंभर टक्के) दिलेली होती, आणि व्हीडब्ल्यू मोजताना उभ्या स्क्रोलबारची जागा वजा होत नाही. मॅकवर ट्रॅकपॅड असला की स्क्रोलबार मजकुराच्या वर तरंगतो, जागाच खात नाही, म्हणून मला काही दिसत नव्हतं. विंडोजवर तो साधारण १५ पिक्सेल खातो आणि बॅनर बरोबर तेवढाच बाहेर येतो. मॅकच्या सेटिंगमध्ये स्क्रोलबार "नेहमी दाखवा" केलं आणि माझ्याकडेही पान हलायला लागलं, तेव्हापासून ते सेटिंग मी बदललेलंच नाही. रुंदी १०० टक्के केली, झालं.

म्हणजे मला वाटलं झालं.

"आता एकाच रिपोर्टवर हलतंय, पण चांगलंच हलतंय." पुढचा मेसेज. उघडून बघितलं तर पान जवळजवळ दीडपट रुंद. आता शोधायचं कोण बाहेर आलंय. मी सगळ्यांना लाल आउटलाइन देतो, बॉर्डर नाही, कारण बॉर्डर स्वतः जागा घेते आणि लेआउट अजून बिघडवते. तरी कळलं नाही तर ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये एकेक तुकडा डिलीट करत जायचं, ज्याला उडवल्यावर आडवा स्क्रोल गेला त्याच्या आत शिरायचं, अनडू करून परत आणायचं. (क्रोममध्ये एच दाबून लपवलं तर उपयोग नाही, ते फक्त अदृश्य होतं, जागा तशीच अडवून बसतं, यात मी एकदा अर्धा तास घालवलाय.)

सापडलं ते जोडलेल्या फायलींच्या यादीत. एका फाइलचं नाव लांबच्या लांब, मध्ये एकही स्पेस नाही, सगळे अंडरस्कोर. पण नावाला तर नोरॅप (ओळ मोडू नको), ओव्हरफ्लो हिडन, एलिप्सिस, तिन्ही व्यवस्थित दिलेलं होतं, म्हणजे तीन टिंबं येऊन नाव कापलं जायला पाहिजे होतं. इथे माझे दोन तास गेले. फ्लेक्सच्या (वस्तू ओळीने मांडणारा डबा) आतल्या आयटमची मिन-विड्थ (किमान रुंदी) शून्य नसते, ऑटो असते, म्हणजे तो आपल्या मजकुराच्या कमीत कमी रुंदीपेक्षा लहान व्हायला तयार नसतो. आणि नोरॅप दिल्यामुळे त्या मजकुराची कमीत कमी रुंदी म्हणजे अख्खं नाव! म्हणजे नाव कापायला जे लिहिलं त्यानेच बाहेरचा डबा फुगवला. नावाच्या स्वतःच्या डिव्हला हिडन असल्यामुळे तो आकसायला तयार, पण त्याच्या बाहेरचा फ्लेक्स आयटम अडून बसलेला.

मी बाहेरच्याला मिन-विड्थ शून्य दिलं. काहीच फरक नाही. परत दिलं, सेव्ह केलं, कॅशे उडवली, सिलेक्टर चुकलाय का बघितलं, स्वतःच्या करिअरविषयी पण थोडा विचार केला. मग वर चढत गेलो तर हे सगळं एका ग्रिडमध्ये (रांगा-कॉलमची मांडणी), कॉलम १एफआर (उरलेली जागा) आणि ३०० पिक्सेल. आता १एफआर म्हणजे खरं तर मिनमॅक्स (किमान ते कमाल) ऑटो ते १एफआर, म्हणजे तिथेही तेच ऑटो, तोच हट्ट. ते मिनमॅक्स शून्य ते १एफआर केलं आणि पान एका झटक्यात जागेवर आलं. दोन्हीकडे पाहिजे होतं, एकाच ठिकाणी देऊन भागत नाही.

संध्याकाळी आमच्या सिनिअरला सांगितलं तर तो म्हणाला, "हिडनच्या जागी क्लिप लिहायचंस ना, त्याने स्क्रोलचा डबा बनत नाही, स्टिकी चाललं असतं, एका शब्दाचं काम होतं." बरोबर आहे त्याचं. मला सुचलंच नाही. जरा चेहरा पडला माझा.

पण मग मी दुरुस्त झालेली यादी त्याला दाखवायला उघडली, आणि त्या लांब नावाच्या ओळीत उजव्या टोकाला डाउनलोडचं बटण होतं. सकाळपर्यंत त्या ओळीत ते कधी दिसलंच नव्हतं. नाव त्याला ढकलत ढकलत स्क्रीनच्या बाहेर नेत होतं आणि रॅपरचं हिडन वरून पांघरूण घालत होतं, स्क्रोल करून जायची पण सोय नाही. क्लिप लिहिलं असतं तरी बटण तसंच बाहेर कापलेलं राहिलं असतं.

आमच्याकडे एक जुनं तिकीट होतं, "काही युजरना काही फायलींचं डाउनलोड बटण दिसत नाही". आमच्याकडे तसं होत नाही असं लिहून बंद केलेलं, कारण आम्ही टेस्ट करताना फाइलचं नाव "टेस्ट१" ठेवतो. सिनिअरने ते तिकीट शोधून काढलं, परत उघडलं, माझ्या नावावर टाकलं आणि म्हणाला, "आता बंद कर."