स्केलसाठी नवरा

फॅमिली ग्रुपवर गिल्बर्ट हिलचा फोटो टाकला आणि सासूबाईंचा पहिला प्रश्न आला, "हा असा शिक्षा झाल्यासारखा का उभा आहे?" फोटोत अंधेरीचा तो काळा उभा कातळ आणि खाली कोपऱ्यात हात बाजूला सोडून उभा असलेला एक माणूस. तो माझा नवरा, आणि त्याला खरंच उभं केलेलं होतं. स्केल म्हणून.

ज्यांना दगडांचे फोटो काढायचा नाद आहे त्यांना हे लगेच कळेल. दगड छोटा असेल तर शेजारी नाणं, पेन, किल्ली काहीतरी ठेवायचं आणि मोठा असेल तर माणूस उभा करायचा, नाहीतर हातभर धोंडा आणि अख्खा डोंगर फोटोत सारखेच दिसतात. गिल्बर्ट हिल साधारण 61 मीटर, म्हणजे 200 फूट. नवरा 5 फूट 7 इंच. म्हणजे 36 नवरे एकावर एक. हे त्याला सांगितलं तर म्हणे, "एकच झेपत नाहीये तुला."

पण खरंच, अंधेरी वेस्टला रिक्षा, बिल्डिंगा, झोपड्या यांच्या मधोमध साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा उभा आहे आणि आपण शेजारून डीएन नगरची मेट्रो पकडायला पळतो. लाव्हा थंड होताना आकसला, आकसताना तडकला, मे महिन्यात तळ्याचा गाळ तडकतो ना तसाच, फक्त इथे भेगा खोलवर उभ्या गेल्या आणि खांबच खांब तयार झाले. वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या चढून जाता येतं. लोक देवीचं दर्शन घेतात, मी पायऱ्यांच्या कडेच्या भेगा मोजत बसते.

फुलांच्या बाबतीत सगळं उलटं. तिथे नवरा नकोच असतो. त्याची सावली नको, बूट नको, "झालं का" तर अजिबात नको. मागच्या सप्टेंबरला कल्याणहून एसटी पकडून वैशाखऱ्याच्या पुढे उतरलो आणि नाणेघाट चढलो. वर लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख आहे, त्याच्यासमोर बसून थालीपीठं खाल्ली (शिलालेखाला तोंडदेखला एक फोटो, माझं लक्ष पठाराकडे). पठारावर सोनकी नुसती पिवळीधमक पसरलेली, अधूनमधून तेरडा. पण मला हवी होती सीतेची आसवं. कातळावर जिथे बोटभर माती आणि त्याच्यावर पाणी झिरपत असतं तिथेच ही येतात, जांभळी, नखाएवढी. दिसायला गरीब, पण खाली ओल्या मातीत बारीक बारीक फुगे लपवलेले असतात आणि त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेऊन फस्त करतात, कारण या मातीत नायट्रोजनची बोंब. नाव आसवं आणि धंदा असला!

फोटो काढायचा तर पोटावर झोपायलाच लागतं. मी झोपले. पॉन्चोच्या आतून चिखल गळ्यापर्यंत आला, फोनची लेन्स दर दोन मिनिटांनी धुरकट व्हायची, रुमाल ओला, शेवटी नवऱ्याच्या शर्टाचं टोक वापरलं, आणि फुलाचं म्हणाल तर वारा आला की मान हलवून नाहीच म्हणायचं, श्वास रोखून 40 फोटो काढले तेव्हा त्यातले दोन जरा बरे निघाले. पण तिथे नाक टेकल्यावर एक गोष्ट दिसली जी उभं राहून कधीच दिसली नसती. कातळाला जाळीदार भोकं होती, आप्प्यासारखी. लाव्ह्यातला वायू बाहेर पडताना अडकला त्याचे ते बुडबुडे. त्यातल्या एका भोकात पांढरे चकचकीत स्फटिक, झिओलाइट असणार, आणि त्याच्याच बाजूच्या भोकात माती साचून एक इवलं आसू उगवलेलं. एकाच फ्रेममध्ये दोन्ही! आता याला स्केल काय ठेवणार? मी करंगळी ठेवली. चिखलाने बरबटलेली, त्यामुळे फोटो गेलाच.

उठले तर समोर जीवधन किल्ल्याचा डोंगर. पायरीवर पायरी रचल्यासारखे थर, एकेक थर म्हणजे एकेक लाव्ह्याची लाट, आणि मध्येच कुठे लाल पट्टा, दोन लाटांच्या मधल्या काळात वर जी माती झाली तिचा. मी नवऱ्याला त्या दिशेला उभं करत ज्ञान दिलं की या लाव्ह्याच्या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नाही, स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलाय तो. म्हणाला, "मला सापळाच बरोबर वाटतो." वर हेही की कल्याणला रुळांखाली हीच खडी पडलीय, तिचे फोटो काढ, बसून काढता येतील. तसं ते खरं आहे, त्यामुळे मी गप्प बसले.

स्केलबद्दल माझी एकच तक्रार. स्केल बदलता कामा नये. 2016 मध्ये बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कारवी फुलली होती तेव्हा कान्हेरीच्या वाटेवर एका धोंड्याजवळ याला उभं केलं होतं. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते, त्यामुळे पुढचा मुहूर्त थेट 2024. तेव्हा परत गेलो, तोच धोंडा शोधला, तसाच उभा केला. घरी येऊन दोन्ही फोटो शेजारी लावले. जांभळी कारवी तीच, धोंडा तोच, पण नव्या फोटोत धोंडा चांगलाच लहान दिसतोय. नवरा म्हणतो झीज झाली असेल.

नाणेघाटाहून आलो त्या रात्री मी फुलांचे फोटो निवडत बसले होते तेवढ्यात ग्रुपवर त्याने एक फोटो टाकला. ओल्या पठारावर पालथी पडलेली मी, निळा पॉन्चो, वर आलेले बुटांचे तळवे, आणि शेजारी नीट उभी करून ठेवलेली एक लिटरची पाण्याची बाटली. खाली लिहिलं होतं, स्केलसाठी.

सासूबाईंचं लगेच उत्तर, "अगं बाई, पडली का?"