तुम्ही विचारलंत म्हणून: विठोबा ऐकतो का?

‘इतकी वर्षं झाली, अजून किडनी नाही मिळाली. तरी विठोबावर विश्वास आहे?’ शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात. परवा डायलिसिसला आलेल्या एका नव्या पेशंटच्या मुलीनंही विचारलं.

आहे. पण कसला, ते नीट सांगायला हवं.

घरातल्या कुणाची किडनी माझ्या बायकोला चालली नाही, म्हणून हिचं नाव मुंबईच्या प्रतीक्षायादीत आहे. म्हणजे मेंदूमृत दात्याची, ज्याचा मेंदू कायमचा बंद पडलाय अशा माणसाची, वाट पाहायची. चार डॉक्टरांची समिती किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासते, मग नातेवाईक ‘हो’ म्हणाले तरच पुढचं सगळं. आयसीयूबाहेर बसलेली ती माणसं डोळ्यांपुढे आली आणि ‘लवकर मिळू दे’ हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. हिला मिळायची तर कुणाच्या तरी घरात आकांत व्हायचा. असलं मागणं देवापुढे कसं ठेवू?

वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात उभा असताना पुंडलिक आठवला. तो आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला, त्यानं वीट पुढे केली, आणि देव थांबला. रुसून निघून गेला नाही. ज्याला भक्तासाठी थांबण्यात कमीपणा वाटला नाही, तो आमच्या थांबण्यात आम्हाला एकटं टाकेल हे मला पटत नाही. तेव्हापासून मी तारीख मागत नाही. हिला पुढच्या डायलिसिसपर्यंत बळ दे, आणि उद्या जे घर ‘हो’ म्हणेल त्याला सावर, एवढंच.

बळ मिळतं, मी बघतो ना. मे महिन्याच्या उकाड्यात दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून प्यायचं, आठवड्यातून तीनदा चार-चार तास सुया टोचून पडून राहायचं आणि तिथून उठून लोकल पकडायची. रोज सकाळी तिच्या डाव्या हातावरच्या फिस्तुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रिया करून जोडलेल्या रक्तवाहिनीवर, मी बोटं ठेवतो. आतली थरथर लागली, म्हणजे रक्त वाहतंय, की हात जोडतो. माझी काकड आरती तीच.

एकदा मध्यरात्री फोन आला. धावलो, रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि किडनी यादीत पुढे असलेल्या दुसऱ्या बाईंना गेली. परतताना ही म्हणाली, ‘अहो, तिची पोरं बाहेर बसली होती, बघितलीत ना? केवढीशी आहेत. विठ्ठलानं बरोबर केलं.’

मी अवयवदानाचा अर्ज भरलाय. पण अर्ज असला तरी शेवटी घरच्यांची संमती लागते. म्हणून दोन्ही मुलांना समोर बसवून सांगून ठेवलंय, वेळ आली तर नाही म्हणू नका.